रात्रीचा फोटो आणि दिवसाचा सौदा

कोंढव्याहून सासवडकडे निघून बोपदेव घाट चढून वर आले की मागे सारे पुणे शहर दिव्यांनी पसरलेले दिसते. पूर्वी लोक इथे घटकाभर वारा खायला थांबत. आता संध्याकाळी आणखी एक दृश्य दिसू लागले आहे. एखादी काळी किंवा गर्द निळी मोटार रस्त्यापासून आत, जरा तिरकी उभी केलेली असते. समोर ट्रायपॉडवर कॅमेरा असतो. एक मुलगा मऊ फडक्याने बॉनेट पुसत असतो, दुसरा हातात दिव्याची नळी घेऊन तयार असतो. मागे शहराचा झगमगाट, पुढे चकचकीत गाडी. हाच फोटो दुसऱ्या दिवशी शेकडो लोकांच्या मोबाइलवर जातो आणि त्याखाली लिहिलेले असते : 'एकाच मालकाची, उत्तम स्थितीतील गाडी विकणे आहे.'

हा एक नवा धंदा आहे. आपल्या ओळखीतली कितीतरी मुले आज लग्नसराईत कॅमेरा घेऊन फिरतात आणि सराई संपली की हात बांधून बसतात. त्यांना वर्षभर काम देईल अशी ही वाट आहे. त्यामुळे तिचे आम्ही स्वागतच करतो. परंतु या धंद्यात एक खाचही आहे, आणि ती वेळीच ओळखली नाही तर फोटोग्राफर, डीलर आणि गिऱ्हाईक तिघांचेही नुकसान होईल. आज त्याविषयीच चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

काळी गाडी म्हणजे आरसा

प्रथम हे काम किती अवघड आहे ते समजून घेऊ. पांढऱ्या गाडीवर पडलेला प्रकाश रंगाच्या थरातून चारी दिशांना पसरतो, म्हणून ती कुठूनही पाहिली तरी दिसते. काळा रंग आलेला प्रकाश गिळून टाकतो. उरते ती फक्त वरच्या चकचकीत थरात पडलेली आजूबाजूची प्रतिमा. म्हणजे काळ्या गाडीचा फोटो काढणारा खरे पाहता गाडीचा फोटो काढतच नाही. गाडीत जे प्रतिबिंब पडते त्याचा तो फोटो असतो. समोर कचराकुंडी असेल तर दारावर कचराकुंडी दिसेल. वर विजेची तार असेल तर छतावर तार दिसेल.

म्हणूनच मोटार कंपन्यांच्या स्टुडिओत गाडीच्या डोक्यावर खोलीएवढा मोठा पांढरा पडदा टांगतात आणि त्याला उजळतात. त्या पडद्याची एकच स्वच्छ पांढरी रेघ गाडीच्या अंगावरून पुढून मागपर्यंत जाते आणि डोळ्याला गाडीचा घाट कळतो. ज्याच्यापाशी स्टुडिओ नाही त्याने हे काम आकाशाकडून करून घ्यायचे असते.

पुण्याला प्रकाशाची ही विद्या नवी नाही. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आली आणि पुढे तिच्याच जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. मोटारीही पुण्याला नव्या नाहीत. १९९५ साली मर्सिडीज या शहराच्या अंगणात, पिंपरीत जुळू लागल्या, आणि १९९८ साली पिंपरीच्याच कारखान्यातून तयार झालेली इंडिका लोकांपुढे आली. ज्या गावात गाडी घडते आणि प्रकाशाचे शिक्षणही मिळते, त्या गावातल्या मुलांनी गाडीचे उत्तम फोटो काढावेत यात नवल नाही.

दिवेलागणीची वीस मिनिटे

रात्रीचा फोटो असे आपण म्हणतो, पण जाणकार फोटोग्राफर तो भर रात्री काढत नाही. सूर्य मावळल्यानंतर साधारण वीस ते तीस मिनिटे आकाशात गर्द निळा उजेड असतो आणि खाली शहराचे दिवे लागलेले असतात. मगरिब आणि इशा यांच्या मधली ही वेळ. याच वेळी काळ्या छताची कड निळ्या आकाशावर स्पष्ट उमटते. त्यानंतर आकाशही काळे, गाडीही काळी. मग गाडी कुठे संपते आणि अंधार कुठे सुरू होतो ते कळत नाही. पुण्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. म्हणजे वेळ आधी पाहून, गाडी धुऊन, जागा ठरवून अर्धा तास अगोदर पोहोचणाऱ्यालाच फोटो मिळतो. उशिरा येणाऱ्याला फक्त दिव्यांचे ठिपके मिळतात.

मुंबईसारखी पाण्याकाठी उभी असलेली इमारतींची रांग पुण्याला नाही. हे शहर टेकड्यांच्या मध्ये बशीसारखे वसले आहे. शहर एका नजरेत पाहायचे तर उंचावर जावे लागते, आणि पर्वती किंवा वेताळ टेकडीच्या माथ्यावर काही मोटार नेता येत नाही. म्हणून सगळे बोपदेवकडे किंवा जुन्या कात्रज घाटाकडे वळतात. ज्यांना उंच इमारतीच हव्या असतात ते खराडीकडे जातात. घाटातून फोटो घेताना गाडीचा वरचा भाग दिव्यांपुढे येतो आणि खालचा भाग काळ्या जमिनीत बुडतो. तेव्हा चाकांना आणि दाराखालच्या पट्टीला वेगळा उजेड द्यावा लागतो.

तो कसा द्यायचा? कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का करायचा, आयएसओ १०० वर ठेवायचा, इंजिन बंद करायचे, कारण चालू इंजिनाच्या थरथरीने गाडीची कड पुसट येते. मग दहा-वीस सेकंद शटर उघडे ठेवायचे आणि तेवढ्या वेळात एकाने काळे कपडे घालून, दिव्याच्या नळीवर पांढरे कापड गुंडाळून, गाडीच्या बाजूने एकसारख्या चालीने जायचे. चालणारा माणूस फोटोत येत नाही, त्याच्या दिव्याची रेघ मात्र गाडीच्या अंगावर राहते. वाचकांना याचे आश्चर्य वाटेल, पण ही गोष्ट फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. १८३८ साली लुई दागेर याने पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र टिपले, तेव्हा काही मिनिटे प्रकाश घ्यावा लागला. त्या चित्रात धावत्या घोडागाड्या आणि चालती माणसे उमटलीच नाहीत. जोडे पुसून घेण्यासाठी एका जागी थांबलेला एक माणूस तेवढा राहिला. जे स्थिर राहते ते उमटते, जे हलते ते पुसले जाते.

आणखी दोन गोष्टी नवख्यांनी लक्षात ठेवाव्यात. कॅमेऱ्याला आपले आपण ठरवू दिले तर तो काळी गाडी पाहून प्रकाश वाढवतो, गाडी राखाडी होते आणि मागचे दिवे जळून पांढरे पडतात. म्हणून प्रकाशाचे माप गाडीवरून न घेता मागच्या दिव्यांवरून घ्यावे. आणि शहर मोठे दिसायला हवे असेल तर गाडीपासून लांब जाऊन मोठ्या लेन्सने फोटो घ्यावा. जवळून, मोबाइलच्या रुंद लेन्सने घेतला तर गाडीचे नाक फुगते आणि पुणे शहर मागे एक रेघ होऊन बसते.

दिव्यांच्या रंगाचेही भान हवे. २०१५ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा केवढा वाद झाला होता! लोकांचे म्हणणे एवढेच होते की, दिवे बदलले आणि तो देखावाच बदलला. गाडीचेही तसेच आहे. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली काळा, गर्द निळा आणि गर्द तांबडा हे तिन्ही रंग जवळजवळ सारखेच दिसतात. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. आता आम्ही मुद्द्याकडे वळतो.

अंधार काय काय पोटात घालतो

आमच्या ओळखीचा एक तरुण कॅम्प भागात राहतो. लग्नाचे फोटो काढता काढता तो गाड्यांकडे वळला. हात चांगला, मेहनत खरी. एका डीलरने त्याला एक काळी सेडान दिली. त्याने दिवेलागणीला घाटात जाऊन असा काही फोटो काढला की पाहणाऱ्याने पाहतच राहावे. सातारकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी तो फोटो पाहिला आणि फोनवरच दहा हजार रुपये विसार पाठवून दिला. मंडळी टोकन म्हणतात, तेच ते.

रविवारी भर दुपारी ते गृहस्थ मुलाला घेऊन गाडी पाहायला आले. उन्हात पाहतात तो मागच्या उजव्या दाराचा रंग बाकीच्या गाडीशी जुळत नाही. बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे. डिकीच्या कोपऱ्यावर पोचा काढून पुट्टी भरल्याची खूण. सौदा मोडला. विसार परत मिळण्यावरून बोलाचाली झाली. नेमका तो तरुण दुसऱ्या गाडीच्या कामासाठी तिथे आला होता. गृहस्थांनी त्याला विचारले, "बाळ, तो फोटो तू काढलास का?"

"हो, काका."

"फार सुरेख काढलास. त्यात गाडी दाखवायची तेवढी राहून गेली."

तो तरुण आम्हाला म्हणाला, "मी फोटोत काही खाडाखोड केली नव्हती. रंगाला हात लावला नव्हता. तरी त्या दिवशीची मजुरी मला पचली नाही."

त्याचे म्हणणे खरे होते. त्याने खोटे असे काहीच केले नव्हते. जे केले ते अंधाराने केले. बारीक ओरखडे दिसायला एकाच बिंदूतून येणारे कडक ऊन लागते. मऊ, पसरट उजेडात ते नाहीसे होतात. पोचा दिसायला त्यावरून जाणारे प्रतिबिंब वाकावे लागते. अंधारात प्रतिबिंबच नसेल तर वाकणार काय? दोन दारांच्या रंगातला फरक दिसायला दिवसाचा पूर्ण उजेड लागतो. पिवळ्या दिव्याखाली तो फरक मिटून जातो. शिवाय फोटो खुलावा म्हणून गाडीवर आणि रस्त्यावर पाणी मारतात. पाणी ओरखड्यात भरते आणि पत्रा नवा दिसू लागतो. म्हणूनच जुने मेकॅनिक सांगत आले आहेत की, सेकंडहँड गाडी रात्री पाहू नये आणि पावसात तर मुळीच पाहू नये.

आता यात मोबाइलची भर पडली आहे. २०१८-१९ पासून मोठ्या कंपन्यांच्या फोनमध्ये रात्रीच्या फोटोची खास सोय आली. असा फोन एकामागून एक अनेक फोटो घेतो, ते एकावर एक बसवतो आणि अंधारातले दाणे पुसून टाकतो. दाणे पुसताना बारीक ओरखडाही त्याला दाणाच वाटतो आणि तोही पुसला जातो. फोटो काढणाऱ्याच्या मनात लबाडी नसली तरी फोटोत ती येऊन बसते. 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' ही म्हण आता यंत्रालाही लागू पडू लागली आहे.

नव्या गाडीची गोष्ट वेगळी

यावर डीलर मंडळी म्हणतील, 'अहो, जाहिरात म्हणजे सजावटच. मोठमोठ्या कंपन्या आपल्या गाड्या रात्रीच्या शहरापुढे उभ्या करूनच दाखवतात. त्यांना कोणी काही म्हणत नाही, मग आम्हालाच का?'

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. कंपनी जी नवी गाडी जाहिरातीत दाखवते, तशाच हजारो गाड्या कारखान्यातून निघालेल्या असतात. फोटोतली गाडी ही त्या सर्वांच्या घाटाचे, रूपाचे दर्शन असते. गिऱ्हाइकाला मिळणारी गाडी फोटोतली नसते आणि हे त्यालाही ठाऊक असते. तिच्यावर ओरखडा नाही हे कंपनीच्या हमीवरून कळते, फोटोवरून नाही.

जुन्या गाडीचे तसे नाही. दहा वर्षे वापरलेली प्रत्येक गाडी जगात एकच असते. तिचा पोचा तिचाच, तिचे रंगकाम तिचेच. तिथे फोटो हा रूपाचे वर्णन नसतो, तो मालाची वानगी असतो. धान्याच्या व्यापारात पोत्यातून मूठभर धान्य काढून दाखवतात त्याला आपण वानगी म्हणतो. वानगी दाखवताना दाणे निवडून घेतले तर त्याला सजावट म्हणत नाहीत. त्याला काय म्हणतात ते बाजारात सर्वांना माहीत आहे. आंब्याच्या पेटीत वरच्या थराला चांगली फळे लावणारा व्यापारी एकदा पेटी विकतो, दुसऱ्यांदा तेच गिऱ्हाईक त्याच्या गाळ्यासमोरून मान वळवून निघून जाते.

आमच्या मते साऱ्या वादाचा निकाल एवढ्या एका भेदात आहे. घाट दाखवायचा असेल तर रात्र चालेल. माल दाखवायचा असेल तर दिवसच हवा.

कायद्याचा आधार

कायदाही याहून फार वेगळे सांगत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यात वानगीवरून होणाऱ्या विक्रीला स्वतंत्र कलम आहे : सगळा माल गुणाने वानगीशी जुळला पाहिजे. त्याच कायद्यात गिऱ्हाइकालाही एक इशारा आहे. माल त्याने स्वतः तपासला असेल तर, तपासताना दिसायला हवा होता असा दोष पुढे करून त्याला नंतर तक्रार करता येत नाही. याचा अर्थ उघड आहे. रात्री गाडी पाहून, हो म्हणून, सकाळी दाराचा रंग वेगळा दिसला तर दोष आपल्याच डोळ्यांकडे येऊ शकतो.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत खोटे वर्णन तर येतेच, पण महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणे हेही येते. हा शब्द डीलरांनी नीट वाचावा. 'आम्ही खोटे बोललो नाही' एवढे म्हणून आता सुटका नाही. न बोलणेही मोजले जाते.

जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी केंद्र सरकारने २२ डिसेंबर २०२२ रोजी मोटार वाहन नियमांत बदल केले. त्यानुसार डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावे लागते आणि त्याच्या ताब्यातील गाडी बाहेर काढली तर ती कशासाठी, कोणी, केव्हा नेली आणि किती चालली याची नोंद इलेक्ट्रॉनिक वहीत ठेवावी लागते. घाटात फोटो काढायला नेलेली गाडीही बाहेर काढलेलीच गाडी. तिची नोंद असली पाहिजे. वाटेत काही अपघात झाला तर नोंद नसलेल्या फेरीचे उत्तर देणे जड जाईल, आणि बहुधा ते फोटोग्राफरच्या गळ्यात पडेल, कारण गाडी त्यानेच चालवलेली असते.

जागेचाही विचार हवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये बोपदेव घाटात एका तरुणीवर सामूहिक अत्याचार झाला. त्या घटनेने सारे पुणे हादरले. निर्जन घाटात रात्री महागडी गाडी आणि महागडा कॅमेरा घेऊन उभे राहणे हे धाडस नाही, अविचार आहे. जवळच्या पोलीस ठाण्याला विचारून जावे, तिघे-चौघे असावेत, गाडी वळणावर किंवा रहदारीच्या पट्ट्यात उभी करू नये आणि आकाशातला निळा उजेड संपला की सामान आवरावे. त्यानंतर फोटोही चांगला येत नाही आणि जागाही चांगली राहत नाही.

'सगळेच करतात'

तरुण फोटोग्राफर आम्हाला म्हणतात, 'साहेब, मजुरी डीलर देतो. त्याला रात्रीचाच फोटो हवा असतो. आम्ही नाही म्हटले तर दुसरा काढून देईल. आमच्या पोटावर कशाला पाय?'

त्यांची अडचण आम्हाला कळते. ज्याच्या डोक्यावर कॅमेऱ्याचे हप्ते आहेत त्याला उपदेश करणे सोपे आहे. म्हणून आम्ही उपदेश करीत नाही, हिशेब मांडतो. डीलरकडे दुकान आहे, गाड्या आहेत, भांडवल आहे. एक सौदा मोडला तर तो दुसरा करील. फोटोग्राफरकडे भांडवल एकच : त्याचे नाव. 'याने काढलेला फोटो म्हणजे गाडी तशीच असणार' असे एकदा बाजारात झाले की डीलरलाच त्याची गरज पडू लागते. कारण फोटो पाहून आलेले गिऱ्हाईक तोंड वाकडे करून परत गेले, तर डीलरचा दिवस वाया जातो, चहापाणी वाया जाते आणि ते गिऱ्हाईक आणखी दहा जणांना सांगते. जो फोटो दोष आधीच दाखवतो तो घासाघीस करणाऱ्यांना घरीच थांबवतो. दुकानाची पायरी चढतो तो घ्यायच्या तयारीनेच चढतो.

तेव्हा रात्रीचा फोटो काढूच नये असे आमचे म्हणणे नाही. तो जरूर काढावा. सुंदर गोष्ट सुंदर दाखवण्यात गैर काही नाही. मेहनतीने कमावलेली ती विद्या आहे आणि तिची पूर्ण मजुरी मिळाली पाहिजे. गाडीचा मालक स्वतःच्या हौसेसाठी, घरातल्या भिंतीवर लावण्यासाठी असा फोटो काढून घेत असेल तर तिथे आमचे काहीच म्हणणे नाही. विक्रीच्या जाहिरातीत मात्र तो एकटा जाऊ नये.

आमच्या सूचना

फोटोग्राफरांनी आपापसात बसून एक साधा रिवाज ठरवावा. विक्रीच्या गाडीचा रात्रीचा एक फोटो, आणि त्यासोबत दिवसाचे आठ. चार बाजूंचे चार, चार कोपऱ्यांचे चार, सकाळच्या उन्हात, गाडी कोरडी असताना. त्याशिवाय प्रत्येक पोचा आणि मोठा ओरखडा जवळून, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून, म्हणजे त्याचा आकार कळेल. या सगळ्याची मजुरी एकत्र सांगावी. रात्रीच्या फोटोची वेगळी सांगूच नये. डीलर म्हणेल, 'दिवसाचे नकोत.' तेव्हा त्याला नम्रपणे सांगावे, 'शेठ, दोन्ही एकाच दरात आहेत. वापरायचे की नाही ते तुम्ही पाहा, पण माझ्या नावाने जाताना दोन्ही जातील.'

डीलरांनी रात्रीचा फोटो जरूर पुढे लावावा, पण त्याखाली स्पष्ट लिहावे की हा फोटो रात्रीचा आहे, दिवसाचे फोटो मागे आहेत. कोणता पत्रा पुन्हा रंगवला आहे तेही लिहावे. जुन्या गाडीला एखादे दार रंगवलेले असणे हा गुन्हा नाही. ते लपवणे हा कमीपणा आहे.

आणि गिऱ्हाइकांनी? काळ्या गाडीचा फक्त रात्रीचा फोटो दिसला तर विसार पाठवू नये. आधी दिवसाचे फोटो मागावेत. गाडी पाहायला सकाळी जावे, ओली असेल तर पुसून कोरडी करून घ्यावी, सावलीतून उन्हात आणावी. दारांच्या रांगेत खाली बसून प्रतिबिंबाची रेघ सरळ जाते की कुठे मोडते ते पाहावे. रेघ मोडली तिथे पत्र्याला काहीतरी झालेले आहे. पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक लोखंडी पत्र्याला चिकटते, पुट्टीच्या जाड थरावर चिकटत नाही. बंपर प्लॅस्टिकचा असतो, तिथे हा प्रयोग करू नये. घरातला जाणता माणूस बरोबर असेल तर उत्तम, नाहीतर चार पैसे देऊन मेकॅनिक न्यावा. ते पैसे वाया जात नाहीत.

लक्ष्मी रोडवर कधी साडीच्या दुकानात उभे राहून पाहा. दुकानात कितीही दिवे असोत, जाणती बाई साडी उचलते, दुकानाच्या दारात येते आणि उन्हात तिचा रंग पाहते. चांगला दुकानदार तिला अडवत नाही. उलट तोच म्हणतो, 'ताई, बाहेर नेऊन बघा.' त्या एका वाक्यावर ते दुकान पिढ्यान्‌पिढ्या चालते. काही हजारांच्या साडीला जो न्याय, तो लाखांच्या गाडीला का नसावा?

रात्रीच्या पुण्यापुढे उभी असलेली काळी गाडी दिसायला सुंदर असते यात वाद नाही. ती तशीच सुंदर राहो. पण विकणाऱ्याच्या तोंडी ते वाक्य आले पाहिजे : 'बाहेर उन्हात नेऊन बघा.' ज्याच्या तोंडी ते येईल त्याच्याकडेच आमच्या वाचकांनी सौदा करावा, आणि ज्या फोटोग्राफरच्या फोटोतून ते बोलेल त्यालाच काम द्यावे, असे आम्हाला वाटते.